ओढणी बांधून धरलेली जागा

व्हिएन्नाला जाऊन आले हे कळल्यापासून आमच्या गुहागरात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय काय पाहिलंस?" मी सांगते, पाहिलं थोडं, ऐकलं जास्त. राजवाडे बाहेरून पाहिले, एका संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसून संत्री सोलून खाल्ली, नदी तर ट्रॅमच्या खिडकीतूनच पाहिली. पण रोज संध्याकाळी कोट चढवून गाणं ऐकायला मात्र गेले. त्यातलं सर्वांत चांगलं गाणं मी उभ्याने ऐकलं आणि त्याचं कुणाला काही सांगायला गेलं की लोक म्हणतात, एवढ्या लांब जाऊन उभी राहिलीस? म्हणून म्हटलं, सगळं एकदा लिहूनच काढावं.

निघाले होते ते गुहागरहून नव्हे, बहरीनहून. मनामातल्या उम्म अल हस्सम भागात दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. फोन केला की कोथिंबिरीची एक जुडीसुद्धा वर आणून देणारं. 'घर होतं' असं लिहायला हवं, पण अजून हात तसा वळत नाही. माझे यजमान एसी दुरुस्तीच्या कंपनीत टेक्निशियन म्हणून लागले आणि पुढे सुपरवायझर झाले. आमची मुलगी मधुरा तिथे आली तेव्हा रांगत होती. शाळा तिथली, मैत्रिणी तिथल्या. नर्सिंगला पुण्याला गेली, मग जर्मन शिकली आणि व्हिएन्नातल्या एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून रुजू झाली. ती घर म्हणते ते उम्म अल हस्समला. गुहागरला बांधलेल्या घरी ती चार दिवस पाहुणीसारखी येते, आंबे खाते आणि डास मारते.

आणि गेल्या उन्हाळ्यात ह्यांच्या कंपनीने सांगितलं की यापुढे विसा वाढवणार नाही. गल्फमध्ये नोकरी संपली की विसा संपतो, विसा संपला की घर सोडायचं, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मधूला ठाऊक नव्हतं असं नाही, पण आपल्या घराबद्दल असं कोण धरून चालतं? ती तर डिसेंबरात घरी यायचे बेत करत होती.

"तू जाऊन ये," हे म्हणाले. "आपला इथला विसा आहे तोवर तुला तिकडचा मिळेल. पुढे गुहागरहून कुठे धावपळ करणार? आणि गेलीस की समोर बसून तिला सांग."

"मीच का?"

"फोनवर मला नाही जमणार. मी 'मधू' म्हणेन आणि पुढे एसीचा गॅस किती राहिलाय ते सांगत बसेन."

ह्यांना रजा मिळाली नाही. जाणाऱ्या माणसाकडून सगळं काम समजून घ्यायचं असतं, त्याला रजा कोण देणार? तेव्हा मी एकटीच निघाले. शेजारच्या शमीमभाबींनी, म्हणजे आमच्या रत्नागिरीच्याच, तुर्कस्तानच्या सहलीसाठी घेतलेला जाडजूड कोट आणून माझ्या अंगावर घातला.

"भाबी, हा तर माझ्या टाचेपर्यंत येतोय."

"येऊ दे. टाचांना पण थंडी वाजते. मफी मुश्किल, काही बिघडत नाही. यल्ला, चल, आता काढ, नाहीतर इथेच उकडून मरशील."

पेटीत कोकमं, कुळथाचं पीठ, मुहर्रकचा केशरी हलवा आणि करक चहाचा मसाला भरला. सांगायची गोष्ट मात्र कुठे भरायची ते सुचेना, ती घशाशीच घेऊन विमानात बसले.

मधूची खोली

मधूचं घर म्हणजे एक खोली, तिलाच लागून ओटा, आणि एक उंच खिडकी. खाली चेस्टनटची झाडं, पानं पिवळी झालेली. मला शहर आवडलं हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कुरकुर वाचून वाटेल की म्हातारीला काहीच पसंत पडलं नाही. इमारती अशा की मान वर करून चालावं आणि सायकलवाल्यांच्या शिव्या खाव्यात. मी खाल्ल्या. जर्मन येत नसल्याचा तेवढा एक फायदा झाला.

पहिलाच दिवस रविवारचा. दूध नासलं म्हणून मी सहज म्हटलं, खाली फोन कर. मधू हसत सुटली. इथे रविवारी सगळी दुकानं बंद. अख्खं शहर कडीकुलुपात, आणि लोक टेकडीवर फिरायला जातात. उम्म अल हस्समला ईदच्या दिवशीसुद्धा कोल्ड स्टोअरवाला एक शटर अर्धं वर ठेवायचा. आम्ही काळा चहा प्यायलो.

त्याहून मोठा फरक मला पहाटे कळला. जाग आली तर मधू टक्क डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत पडलेली.

"झोप नाही का गं?"

"रोजचंच आहे हे, आई. इट्स टू क्वाएट. काही वाजतच नाही इथे."

वाजत नाही म्हणजे काय ते तिने सांगितलं तेव्हा मला समजलं. बहरीनमध्ये वर्षातले कितीतरी महिने एसी चोवीस तास चालतो. आपल्याकडची मुलं रातकिड्यांच्या आवाजात झोपतात, ही एसीच्या घुमण्यात झोपत आली. तेही साध्यासुध्या एसीच्या नाही. घरात बाकी सगळीकडे आवाज न करणारे स्प्लिट लागले, पण हिच्या खोलीत तो जुना खिडकीचा एसी हिने हलवू दिला नाही. घूंऽऽ करत राहायचा, मध्येच ठक्क करून थांबायचा, आणि दम खाऊन पुन्हा घूंऽऽ. घरमालकाने दोनदा काढायला सांगितला. ह्यांनी दोन्ही वेळा नवी मोटर बसवून त्याला जगवला. एसीवाल्याच्या घरातला सर्वांत भिकार एसी, असं मी म्हणायची.

"बाबा अजून सर्व्हिसिंग करतात ना त्याचं?"

"करतात ना. दर महिन्याला शुक्रवार धरून."

"डिसेंबरात आले की पहिले दोन दिवस फक्त झोपणार आहे. मला उठवायचं नाही."

सांगायची ही चांगली वेळ होती. मी उठून कुळथाची पिठी लावली.

दाद द्यायची चोरी

मधूला गाण्याचं वेड तिच्या वृद्धाश्रमातल्या आजीआजोबांनी लावलं. एकेकाला आंघोळ घालताना, औषध देताना ते गुणगुणायचे, आणि हे काय, असं हिने विचारलं की खूश होऊन कुठे ऐकायला मिळेल ते सांगायचे. आता शिफ्ट सकाळची असली की संध्याकाळी ही कुठल्या ना कुठल्या दारात उभी.

सोमवारी तिने मला वाद्यांच्या मैफलीला नेलं. सोन्याचा मुलामा दिलेलं सभागृह, छतावर उडणाऱ्या बायका, आणि खाली काळ्या कपड्यांतले साठ-सत्तर वादक. एवढी माणसं एका वेळी वाजवतात आणि एकही दुसऱ्याच्या पुढे जात नाही, याचंच मला आधी नवल वाटलं. मग एका व्हायोलिनने असा काही सूर लांबवला की माझ्या तोंडून मोठ्याने "वाऽ!" गेलं. नेमकं त्या क्षणी सगळी वाद्यं थांबली होती. माझा "वा" सोन्याच्या छतापर्यंत जाऊन आला. पुढच्या रांगेतली चार डोकी वळली. मधू खुर्चीत बुडाली.

वाद्यं थांबली तेव्हा संपलं समजून मी टाळीही वाजवली, तर ते संपलं नव्हतं. भाग बदलत होता. भागांच्या मध्ये खोकायचं असतं. सगळे अगदी मनापासून खोकून घेतात. आपल्याकडे दाद दिली नाही तर गवई रागावेल, इथे दिली तर शेजारी. पण शेवटी मात्र हीच माणसं इतका वेळ टाळ्या वाजवत राहिली की वादक तीन-तीनदा आत जाऊन बाहेर आले. दाद यांच्याकडेही आहे, फक्त दाबून ठेवतात.

नंतर आम्ही कॉफीगृहात गेलो. गुडघ्यापर्यंत काळा कोट घातलेला वेटर, चांदीच्या तबकात कॉफी आणि तिच्याबरोबर पाण्याचा छोटा पेला. एका कपावर माणसं बसून राहतात, वर्तमानपत्र वाचतात, भांडतात, कुणी उठवत नाही. बहरीनमध्ये मी आणि हे संध्याकाळी अदलियाकडे गाडी काढायचो. चहाच्या दुकानासमोर गाडी उभी करून हॉर्न दिला की पोरगा करक चहाचे कागदी पेले खिडकीतून आत देई. आमचं कॉफीगृह म्हणजे आमची गाडी. एसी चालू, काचा बंद, मागच्या सीटवर मधू पाय मुडपून. तिलाही तेच आठवत असावं, कारण कॉफीत साखर ढवळत ती म्हणाली, "आई, डिसेंबरात रोज करक."

मी म्हटलं, बघू. हा शब्द मी त्या आठवड्यात फार वापरला.

ट्रॅमच्या शेवटच्या थांब्यावर

एका संध्याकाळी ट्रॅमच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथे शहर संपतं आणि द्राक्षांचे मळे सुरू होतात. मळेवाले आपल्याच अंगणात बाकडी टाकून यंदाची वाईन विकतात. दारावर हिरवी डहाळी टांगली की समजायचं, उघडं आहे. मी द्राक्षाचा रस घेतला. मधूने पांढरी वाईन घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घे. मी काय बाबांना सांगतेय?" त्यावर ती इतकी हसली की शेजारच्या बाकावरचे लोकही हसले.

एक म्हातारा अकॉर्डियन वाजवत बाकांमधून फिरत होता. सूर गोड, पण उदास. मधूने अर्थ सांगितला: बहुतेक गाण्यांत एकच, की मी मरेन तेव्हाही ही वाईन असेल, हे शहर असेल, मी तेवढा नसेन. आणि हे ऐकत लोक मजेत डुकराचं मांस खात होते. मला मात्र उम्म अल हस्समची बाल्कनी दिसायला लागली. आम्ही नसू, आणि कोल्ड स्टोअरवाला तसाच फोन उचलत असेल. माझे डोळे भरून आले. मधूला वाटलं, मोहरीने. इथली मोहरीची चटणी नाकात जाते खरी.

उभ्याची जागा

शेवटच्या संध्याकाळी ऑपेरा. तिकिटं महाग, पण व्हिएन्नाच्या ऑपेरागृहात उभं राहून ऐकणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखलेली असते आणि तिचं तिकीट अगदी मामुली. त्यासाठी दुपारपासून रांग. रांगेत घडीच्या खुर्च्या, थर्मास, डबे. मला एकदम आमच्या गावचं नमन आठवलं. रात्रीच्या खेळासाठी दुपारीच आम्ही पोरं देवळापुढे जाऊन चटया पसरायचो.

आत सोडल्यावर मात्र जी गंमत पाहिली तिने मी घरच्यासारखी झाले. उभ्याच्या जागेत मखमल लावलेले कठडे असतात. आपली जागा धरायची म्हणजे कठड्याला आपला मफलर बांधायचा आणि खुशाल बाहेर कॉफी प्यायला जायचं. मफलर दिसला की ती जागा कुणी घेत नाही. अहो, हे तर आमच्या एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखं! एवढ्या थोर ऑपेरागृहात रुमाल टाकतात, हे पाहून माझा जीव भांड्यात पडला.

मधू आमचे कोट ठेवायला खाली गेली. मी कामाला लागले. तिचा मफलर बांधला, शेजारी माझी ओढणी बांधली, आणि एक जागा दिसत होती मोकळी, तर तिलाही हातरुमाल बांधून टाकला. एसटीत कधी कुणी एकट्यापुरती जागा धरतं का? धरायची तर घरच्या सगळ्यांची.

पाठीमागून एक काठीसारखी ताठ म्हातारी आली. या जागेतली ही नेहमीची, फ्राऊ हेडविग, हे नंतर कळलं. तिने तिन्ही गाठी बोटाने मोजल्या आणि मला काहीतरी विचारलं. मी हसले. तिने परत विचारलं. तेवढ्यात मधू आली.

"आई, ती विचारतेय की तिसरी जागा कुणाची?"

"बाबांची," माझ्या तोंडून निघून गेलं.

मधूने ते तिला सांगितलं. हेडविगबाईंनी विचारलं, ते कुठे आहेत? मधूने सांगितलं, बहरीनला. बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा रुमालाकडे पाहिलं. मग हळूहळू, शाळेत शिकवतात तसं, नियम सांगितला, आणि मधू एकेक वाक्य माझ्यापर्यंत पोचवत गेली. जो आत आलेला आहे त्याचीच जागा धरता येते. बाहेर जा, खा, प्या, पण घंटा होण्याआधी परत या. जो आलेलाच नाही त्याच्यासाठी गाठ बांधायची नाही. आणि तिने स्वतःच्या हाताने माझा रुमाल सोडून, नीट घडी करून मला परत दिला.

मी कानकोंडी झाले. मधूला मात्र हसू आवरेना. "बाबांची जागा धरलीस! सो स्वीट. पण बरोबरच आहे ना, आई, माझी खोली नाही का तुम्ही तशीच धरून ठेवलीय? एसीसकट."

मी त्या घडी केलेल्या रुमालाची आणखी एक घडी घातली. एवढ्यात दिवे मंद झाले.

कठड्यावर प्रत्येकापुढे एक छोटा पडदा असतो, त्यावर गाण्याचा अर्थ इंग्रजीत येतो. मी वाचायला गेले तर मधूने त्यावर हात ठेवला. "वाचू नको. ऐक." ऐकलं. एक बाई गायली, तिचा आवाज वर वर जात राहिला, आणि मला वाटलं आता फुटेल, पण तो तिथेच राहिला, निवांत, जिना चढून गच्चीवर उभं राहावं तसा. मग राजासारखा कुणीतरी रागावला. मग रंगमंचावर अंधार झाला आणि पुरुषांचा मोठा समूह गायला लागला. आधी इतक्या खालच्या सुरात की तो आवाज मला कानांच्या आधी कठड्यावर ठेवलेल्या तळहाताला कळला. मखमलीखालचं लाकूड घुमत होतं.

मधूने माझं मनगट घट्ट धरलं. "आई. मुहर्रक."

तिला अजून आठवत होतं! ती शाळेत होती तेव्हा ह्यांना मुहर्रकच्या एका जुन्या बैठकीत एसी नीट करायला बोलावलं होतं. सुट्टीचा दिवस, म्हणून आम्हा दोघींनाही नेलं. पूर्वी समुद्रात मोती काढायला जाणाऱ्या लोकांची गाणी तिथे गातात. गोल बसलेले पुरुष, मडकी आणि ढोल, टाळ्यांचा जोरकस ताल, एकजण वर आळवणारा आणि बाकी सगळ्यांचा खालून एकच खर्ज, जमिनीतून आल्यासारखा. एवढ्या गदारोळात मधू माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. एका म्हाताऱ्या गाणाऱ्याने तिच्याकडे पाहून हाताने खूण केली, झोपू द्या.

इतक्या लांब येऊन ही पोर कोट घालून रांगा लावते, आणि ऐकते काय, तर मुहर्रक. मला इतकं वाईट वाटलं, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की पुढचं गाणं माझ्यापर्यंत पोचलंच नाही. आता लांबवण्यात अर्थ नाही, एवढं कळलं.

मध्यंतरात मफलर आणि ओढणी तशीच ठेवून आम्ही बाहेरच्या सज्जात गेलो. खाली दिव्यांची ट्रॅम वळत होती. रेशमी झगे घातलेल्या बायका गार वाऱ्यात कुडकुडत हसत होत्या.

"मधू, डिसेंबरचं तिकीट काढू नकोस."

"का? आत्ता स्वस्त आहे."

"आम्ही नसू तिथे. बाबांचा विसा वाढवत नाहीयेत."

तिने मान वळवली नाही. "म्हणजे फॉर गुड?" गल्फमधले आपले लोक कायमचं परत जाण्याला असंच म्हणतात, आणि शाळेत दर वर्षी तिची एखादी मैत्रीण फॉर गुड जायची.

"हो. फॉर गुड. गुहागरला."

मला वाटलं रडेल, भांडेल, मला आधी का नाही सांगितलं म्हणून बोलेल. तिने एवढंच विचारलं, "माझा एसी?"

"घरमालक काढून टाकणार आहे. नव्या भाडेकरूंना स्प्लिट लावून देतोय."

"बाबांनी तर नवी मोटर बसवली होती."

"हो गं."

घंटा झाली. "चल," ती म्हणाली, "नाहीतर हेडविग आपल्या जागा देऊन टाकेल." आमच्या गाठी होत्या तशाच होत्या. हेडविगबाईंनी मधूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खोकल्याची एक गोळी काढली, गाणं सुरू व्हायच्या आधीच तिचा कागद सोडवला, म्हणजे नंतर आवाज नको, आणि मधूच्या हातावर ठेवली. उरलेला सगळा ऑपेरा मधू गालात गोळी धरून उभी होती. नायिका मेली तेव्हा आजूबाजूचे बरेच लोक रडत होते, त्यामुळे हिचं रडणं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

ऑपेरागृहाबाहेर सॉसेजची टपरी आहे. आतून निघालेले काळे सूट आणि रेशमी झगे तिथे उभ्याने कागदाच्या बशीत खात असतात. मी नुसता पाव आणि मोहरी घेतली. मधू नाक ओढत म्हणाली, "मी टूरिस्ट विसावर येऊ शकते. इथून मिळतो. जुफेरला हॉटेल घेईन."

"बहरीनला जाऊन हॉटेलात राहायचं?"

"हॉटेलात एसी असतो, आई."

"आवाज नसतो त्याला."

आम्ही दोघी हसायला लागलो आणि तिथेच, मोहरीची बशी हातात धरून, दोघी रडलो. शेजारी पायघोळ झगा घातलेल्या बाईने आमच्याकडे न पाहता कागदी रुमालांचा गठ्ठा आमच्या बाजूला सरकवला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तिने मला मिठी मारली तेव्हा शमीमभाबींच्या कोटात ती पार बुडून गेली.

परत

मुहर्रकच्या विमानतळातून बाहेर पडले तर गरम वाऱ्याने कोट अंगावर नकोसा केला. हे गाडीपाशी उभे होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"एसीचं विचारलं."

ह्यांनी गाडी सुरू केली. पूल ओलांडून मनामात शिरेपर्यंत तिचा एसी चारदा कमीजास्त केला.

मग खोके, दोऱ्या, कार्गोवाले. सोफा एका केरळी कुटुंबाने नेला, मधूचं टेबल शमीमभाबींच्या नातवाला दिलं. शेवटच्या दिवशी दुपारी घर पूर्ण रिकामं झालं, बोललं की घुमायला लागलं. मी केर काढून बाहेर आले तर हे मधूच्या खोलीत स्टुलावर उभे. एसीचं तोंड उघडलेलं, जाळी धुऊन वाळत टाकलेली, आणि हे पंख्यात तेल घालताहेत.

"अहो, उद्या भंगारात जाणार तो. आज काय साफ करताय?"

"आवाज स्वच्छ यायला हवा," हे म्हणाले. "तुझा फोन दे. माझा जुना आहे, त्यात खरखर येते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोन एसीच्या उंचीवर ठेवायला खोलीत काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी ओढणी काढली. ऑपेराच्या कठड्याला बांधलेली तीच. पडद्याच्या दांडीला फोन बांधला. ह्यांनी एसी लावला. घूंऽऽ. आम्ही दार लावून घेतलं आणि फरशीवर भिंतीला टेकून बसलो, बोलायचं नाही, हलायचं नाही. ठक्क. दम. पुन्हा घूंऽऽ. किती वर्षं मी या आवाजाला नावं ठेवली होती. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते.

बऱ्याच वेळाने बाहेरचं दार धडाधड वाजलं. "अगो, दार उघड! बिर्याणी आणलीय, गार होईल! मेल्यात की काय दोघं?"

हे तोंडावर बोट ठेवून शमीमभाबींना गप्प करायला धावले, पण हाक जायची ती फोनमध्ये गेलीच होती. "पुन्हा करूया?" हे म्हणाले. मी म्हटलं, राहू दे. फोन तसाच चालू ठेवला, आणि तिघांनी बाहेरच्या खोलीत फरशीवर बसून बिर्याणी खाल्ली. मग ह्यांनी एसीचं बटण बंद केलं. दांडीला मारलेली माझी गाठ इतकी घट्ट बसली होती की ती ह्यांनाच सोडवावी लागली. मग भरलेलं सगळं तसंच पाठवलं मधूला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर आत शिरताना ह्यांनी आपलं आणि माझं बहरीनचं रहिवासी कार्ड काउंटरवर ठेवलं, ते तिथल्या मुलाने ठेवून घेतलं. आता आमच्याकडे त्या देशाचं काहीच नव्हतं. बाकावर येऊन बसलो तेवढ्यात फोन वाजला. मधूचा आवाज होता, धावत बोलत असल्यासारखा, मागे ट्रॅमची घंटा.

"आई, शमीमआंटीची हाक ऐकली. त्याच्या पुढचं काही ऐकलंच नाही मी, गजरसुद्धा नाही. बाबांना सांग, आज शिफ्टला लेट झाले."